शेजारच्या काकूचा आवाज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि माझ्या मायलाही नाही.

गोष्ट ॲनिमेची आहे. हसू येईल. येऊ द्या.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. कॉलेज साकोलीला, घर एकोडीला. वर्गातली मुलं ॲनिमे बघायची, म्हणून मीही बघू लागलो. पण आवाज जपानी, खाली अक्षरं इंग्रजी. एक ओळ वाचून होईपर्यंत पुढच्या दोन निघून जायच्या. मी नुसती चित्रं बघायचो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मान डोलवायचो. हे कुणाला कळलं असतं तर काय झालं असतं? काहीच नाही. तेव्हा तसं वाटत नव्हतं.

एकदा माय धानाच्या रोवण्यावरून आली आणि माझ्याजवळ बसली. मोबाईलमध्ये एक मुलगा ओरडत पळत होता.

"हा पोट्टा एवढा बोंबलून राहिला, त्याची माय कुठी गेली?"

मला माहीत नव्हतं. ते त्या अक्षरांत येऊन गेलं असणार.

"काय म्हणते तो? सांग ना मले."

"तुले नाही समजत," मी म्हणालो. ती तरीही थोडा वेळ बघत राहिली.

पुढे मॅडमनी वर्गात चर्चा ठेवली — मोठ्या माणसांना ॲनिमे का आवडत नाही? कुणी म्हणालं, ते लहान पोरांचं कार्टून समजतात. कुणी म्हणालं, मोठे डोळे, आरडाओरडा सहन होत नाही. माझी पाळी आली. खरं उत्तर माझ्याकडे होतं — खालचं वाचून होत नाही. पण त्यात माझंच बिंग फुटलं असतं ना? मी उभा राहिलो, नसलेला पदर खोचला आणि मायचा आवाज काढला. "त्याची माय कुठी गेली?" वर्ग हसून लोटपोट. कोण बे ही? शेजारची काकू, मी म्हणालो.

मग मुलं तो आवाज मागायची. कँटीनमध्ये, बस स्टँडवर. मी काढायचो. ती कधी बोललीच नाही, अशी वाक्यंही तिच्या तोंडी घातली.

दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली. मंडईला पाहुणे बोलवायचेच असतात. तिघं मित्र आले. मायने वडे तळले. वाढताना तिला वाटलं असेल, पोरांच्या आवडीचं काही बोलावं.

"का रे बापा, त्या मोबाईलमधल्या पोट्ट्याले माय भेटली का मंग?"

एकाला हसू फुटलं, मग दुसऱ्याला. तिसरा, पंकज, हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता — त्याला कळलं होतं.

"काहून हासता रे पोट्टेहो?" म्हणत मायही हसू लागली.

"काकूचा आवाज काढ ना बे," त्यातला एक म्हणाला.

मी नाही म्हणू शकत होतो. काही कारण सांगून उठू शकत होतो. मी काढला — तिच्यासमोर, हातवाऱ्यांसकट.

माय हसायची थांबली. तिने माझ्या ताटात वडा वाढला आणि आत गेली.

मी मोबाईल बघत असलो की आता ती जवळ येऊन बसत नाही.