कोण कुठं निजतं

“हा नकाशा कुणी काढायला लावला? कुणी?” आमच्या संस्थेचे अध्यक्ष वर्गाच्या दारात उभे राहून असे ओरडत होते की शहागंजातल्या घड्याळाचा काटा पाच मिनिटं मागं सरकला. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा. त्यांच्या हातात त्यांच्याच नातीची चित्रकलेची वही होती. नकाशा काढायला लावणारा चित्रकलेचा मास्तर म्हणजे मी. मी छताच्या तुळया मोजत होतो. तेवढ्यात इतिहासाचे देविदास सर पुढं होऊन म्हणाले, “मी लावला, मालक.”

महिन्यापूर्वी सर गेल्याचा निरोप आला, तेव्हा मला आधी आठवला तो हा ‘मालक’. आम्ही बाकीचे सगळे ‘साहेब’ म्हणायचो…

त्या वर्षी गुलामगिरीचा धडा आम्ही तिघांनी मिळून शिकवायचं ठरवलं होतं. पुस्तकात तो दीड पानाचा, तोही समुद्रापलीकडचा. सरांनी जहाजांपासून सुरुवात केली. मग उर्दूचे काझी सर उठले, “बच्चों, आपलं हे शहर ज्यानं वसवलं, तो हबशी वजीर लहानपणी बाजारात विकला गेला होता.” वर्ग इतका गप्प झाला की फळ्यावरच्या खडूचा श्वास ऐकू आला. आता या दोघांच्या वरताण काहीतरी करायचं म्हणून मी म्हटलं, घरचा नकाशा काढून आणा, कोण कुठं निजतं ते दाखवा. सर हळूच म्हणाले, “आणि हाक आली की ज्याला उठावं लागतं, त्याच्या नावाखाली रेघ मारा.” अध्यक्षांच्या नातीनं इमानदारीत काढलं. माडीवर आजोबा. खाली गोठ्याच्या दाराशी ‘धोंडिबा’, त्याखाली दोन रेघा.

धोंडिबा म्हणजे देविदास सरांचे वडील. हे मला त्या दिवशी कळलं.

पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, पण धोंडिबा त्या घरचे सालगडी ते सालगडीच. दर पाडव्याला साल नवं, माणूस तोच. मालकांनीच पोराला शाळेत घातलं होतं, मालकांनीच पुढं मास्तर केलं होतं.

रविवारी आम्ही तिघं धोंडिबांना आणायला काझी सरांच्या स्कूटरवर मालकांच्या वाळूजकडच्या मळ्यातल्या घरी गेलो. माझं वजन धरता सहा जण. तेव्हा तिथं कारखाने नव्हते, नुसती ज्वारी. आदल्या दिवशीच सरांनी वडिलांसाठी लोखंडी पलंग घेतला होता, आणि शहागंजातून सरांच्या घरापर्यंत तो मी एकट्यानं डोक्यावर नेला होता… बरं, एक पाय मी धरला होता.

म्हातारा वैरण टाकत होता.

“दादा, चला. पलंग घेतलाय तुमच्यासाठी.”

“म्या आलो तर मालक तुला शाळंत ठिवतील?”

“नाय ठेवलं तर नाय.”

“मंग लेकरं काय खातील? जाय. तास बुडवू नको.”

“चाचा, आज इतवार है,” काझी सर म्हणाले.

“बैलायला कुठला इतवार?”

परतताना मी तावातावानं म्हटलं, तोंडावर राजीनामा फेका! सर म्हणाले, “राग दादांवर निघंल. या वयात गोठ्यातनंबी काढतील.” लेकाच्या नोकरीपायी बाप गोठ्यात, नि बापापायी लेक त्या नोकरीत. पुढं कितीतरी वर्षं सर तो धडा शिकवत राहिले, नकाशा मात्र पुन्हा कधी काढायला लावला नाही. धोंडिबा गोठ्यातच गेले. सर निवृत्त झाले, मालकही वारले. हाक मारणारं कुणी उरलं नाही, असं मला वाटलं होतं.

परवा सरांच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. आतल्या खोलीत तोच पलंग, चादरीला एक सुरकुती नाही. जुन्या खोडीनं मी मनात घराचा नकाशा काढू लागलो.

“यावर सर निजायचे?”

“नाय. मामंजींचा तो.”

“मग सर कुठं निजायचे?”

वहिनींनी उंबऱ्याजवळची घोंगडी उचलून घडी घातली.

“इथं, दाराशी. हाक आली तर ऐकू यावी, म्हणायचे.”