मारिसोलचं बारसं

भाचीचं बारसं होतं आमच्याकडं, शिरूर कासारला, आणि माझा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. आत्या मी. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा. पण मी दोन नावं डोक्यात घेऊन हिंडत होते. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बजावून ठेवलं होतं की कुलदेवीचंच नाव ठेवायचं, विषय संपला. वहिनीला मात्र हवं होतं 'मारिसोल'. स्पेनकडचं नाव, मोबाइलवर सापडलेलं. तिकडं लोकांना त्या नावात समुद्र आणि सूर्य दोन्ही ऐकू येतात, हे तिनं मला किती वेळा सांगितलं असेल. पहिल्यांदा मी हसले. मग जिभेवर घोळवत राहिले, आणि काय सांगू, गोडीच लागली.

"पण एवढा हट्ट कावून?" मी तिला विचारलं होतं.

"ताई, लग्नात माझं नाव बदललं तुमी लोकांनी. ताटातल्या तांदळावर लिवलं तवा मला कळलं. कुणी इचारलंच न्हाई. पोरीचं तरी मला ठिवू द्या."

आपल्याच घरादाराचा असा राग आला मला!

बायका पाळण्याभोवती जमल्या. मी वाकले तशा पाठीवर धपाधप बुक्क्या बसायला लागल्या. रीतच आहे ती, पण काकूचा हात भलताच जड. मी बाळाच्या कानात म्हणाले, मारिसोल. मग सरळ उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले. काकूनं तोंडाला पदर लावला. अप्पा उठले आणि शेळ्यांकडं निघून गेले. पण खोटं कशाला बोलू, आनंद पोटात मावत नव्हता. वहिनी मात्र पांढरीफटक पडली होती. घुगऱ्या वाटताना ती सारखी शेळ्यांच्या दिशेनं बघत होती. अप्पांनी नको म्हटलं, की घरात ते नाव कुणी उच्चारणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

दिवेलागणीला अप्पा परत आले. हातपाय धुतले आणि नातीला मांडीवर घेऊन बसले.

"काय नाव म्हणली ही? मारी..."

"मारिसोल," वहिनी दाराआडून हळूच म्हणाली. "समुद्र आन् सूर्य, असा अर्थ हाय."

अप्पांनी बाळाचं टोपडं सारखं केलं.

"ऊन तर आपल्याकडं लई हाय," ते माझ्याकडं बघून म्हणाले. "समुद्र तेवढा नव्हता. बरं केलंस, पोरी."

वहिनी बाहेर आली. तिनं सगळ्यांसमोर लेकीला त्या नावानं पहिली हाक मारली, आणि तिला रडू कोसळलं.