रॉकेटची भांडी

मी जन्माची भित्री. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी काही शूरपणा केला असं कुणाला वाटायला नको. कुत्रं भुंकलं की मी रस्ता बदलते. पोस्टमन दारात दिसला की आधी दाराआड होते, मग हात पुढे करते. आणि घाबरले की माझा हात वेणीवर जायचा. वेणी पुढे ओढायची, शेंडा बोटाला गुंडाळायचा, सोडायचा, परत गुंडाळायचा. आई म्हणायची, "अगं, एक दिवस उपटून येईल ती!" आणि तीच आई रोज सकाळी मला पुढ्यात बसवून डोक्यावर खोबरेल थापायची. डोकं थंड राहतं म्हणे. माझं कधी राहिलं नाही.

बीएस्सी झाले तेव्हा ऐंशी साल उजाडायला आलं होतं. कर्जतच्या आमच्या बौद्धवाडीतली कारखान्यात नोकरीला जाणारी पहिली मुलगी मीच. वडील रेल्वेत गँगमन, सगळी उमर ठाकुरवाडीच्या घाटात रूळ तपासण्यात गेलेली. मला नोकरी लागली मोहोपाड्यातल्या एका शेडमध्ये. तीन लेथ, पंधरा माणसं, आणि रसायनीच्या कारखान्यांची किरकोळ कामं. एसटीने चौक गावापर्यंत आणि पुढे मिळेल त्या टेंपोने जायचं.

शेडच्या शेठनी सरकारी टेंडर भरलं होतं आणि ते आम्हाला कसं लागलं हे त्यांनाही कळलं नाही. अवकाश खात्याचं काम! मोहोपाड्यात बातमी पसरली की आता इथून रॉकेट उडणार. प्रत्यक्षात काम असं होतं: खात्याच्या चाचणी केंद्रावर ऑक्सिजनच्या नळांना बसवायचे व्हॉल्व्ह पेटीतून आमच्याकडे यायचे. ते आम्ही धुवायचे, तपासायचे, पिशवीत बंद करायचे आणि परत पाठवायचे. शेडमधले मला चिडवायचे, "काय बाई, घासली का रॉकेटची भांडी?" मी पण म्हणायची, "घासली, आता तुमची आणा."

हसायची, पण आतून टरकलेली असायची. कारण पहिल्याच आठवड्यात खात्याचे तपासणी साहेब आले होते. दक्षिणेकडचे, मोडकंतोडकं हिंदी बोलणारे, शांत गृहस्थ. त्यांनी मला आणि शेठना आतल्या खोलीत बसवलं आणि उजवा हात टेबलावर ठेवला. तळवा सगळा भाजलेला, कातडी ओढल्यासारखी, दोन बोटं कायमची आखडलेली. साहेब म्हणाले, दाबाखालच्या ऑक्सिजनला तेलाचा एक थेंब पुरतो. व्हॉल्व्ह फिरवला आणि भडका उडाला. बाजूच्या माणसाचे तर डोळे गेले. मग हात खिशात घालून म्हणाले, चहा चांगला आहे. मला पुढचे चार दिवस जेवण गेलं नाही.

काम माझ्या एकटीच्या जबाबदारीवर होतं. धुऊन वाळवलेला व्हॉल्व्ह अंधाऱ्या खोलीत न्यायचा आणि निळ्या दिव्याखाली फिरवून पाहायचा. त्या दिव्यात तेल कुठे राहिलं असेल तर चमकतं. साफ असला की त्याच्या तोंडात प्लास्टिकचं बूच बोटाने आत दाबून बसवायचं, व्हॉल्व्ह पिशवीत घालायचा, पिशवीचं तोंड करवतीच्या पात्यावर दुमडायचं आणि मेणबत्तीची ज्योत फिरवून चिकटवायचं. वर चिठ्ठी. चिठ्ठीवर माझी सही. हातात पांढरे सुती मोजे, आणि खोलीत दुसऱ्या कुणी यायचं नाही.

शेडमधले सगळ्यात जुने मिस्त्री खालापूरकडचे, घरी भातशेती असलेले. आमच्या समाजाच्या पोरीच्या हातचा चहा हे घेतील का, अशी मला पहिल्या दिवशी धाकधूक होती. त्यांनी बशीत ओतून फुर्रकन प्यायला आणि म्हणाले, "साकर कमी हाय गं." तेव्हापासून ते माझे. टेंपो चुकला तर थांबून राहायचे, कुणी जास्त चिडवलं तर डोळे वटारायचे. पण व्हॉल्व्हच्या खोलीबद्दल त्यांना फारसं ठाऊक नव्हतं. साहेबांचा हात मी आणि शेठनीच पाहिला होता, आणि पंधरा माणसांना बसवून ते सगळं समजावून सांगायचं राहूनच गेलं. सांगायला हवं होतं ते मीच.

त्या वर्षी चाळीस व्हॉल्व्हची पेटी दसऱ्यानंतर लगेच निघायची होती. दसऱ्याला आम्ही विहारात असतो, म्हणून मी खंडेनवमीपासून दोन दिवस रजा मागितली. शेठ म्हणाले, "जा, पण चाळीस पुरे करून जा." शेवटच्या दिवशी ते दर अर्ध्या तासाने येऊन दार ठोकत होते. "किती झाले? अजून किती?" दार वाजलं की मी दचकायची. शेवटी चाळीस झाले, चाळीस सह्या केल्या आणि घरी पळाले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आले तर पेटी सकाळीच ट्रकने गेलेली. दोन्ही दिवसांची पूजा झालेली, लेथला झेंडूच्या माळा, ड्रिल मशीनलासुद्धा कुंकू. मिस्त्रींनी मला आपट्याचं पान दिलं, "सोनं घे." मी घेतलं. चहा ओतला. आणि ते एकदम खुशीत, आवाज खाली आणून म्हणाले,

"एक सांगू का? सगळ्या हत्यारांची पूजा केली आमी. मग मनात आलं, जे आभाळात जानार त्येलाच कुकू नाय? येक पिशवी उघडली. तोंडावर बोट टेकवलं, पाया पडलो. परत पुसून ठेवलं गं, तुज्यावानी मेनबत्तीनं चिकटवलं. वळकायचं नाय कुनाला!"

"कशानं पुसलं, मिस्त्री?"

"कशानं म्हंजे? ह्या बोळ्यानं."

हातातला सुताचा बोळा त्यांनी दाखवला. दिवसभर लेथ पुसायचा तो, काळा, तेलाने चिंब. आणि कुंकू नीट लागावं म्हणून बोटाला थेंबभर तेलही घेतलं होतं म्हणाले. कोणती पिशवी ते आठवत नव्हतं. वरून कुठली तरी.

माझ्या हातातला चहा सांडला. मला समोर तो आखडलेला हात दिसायला लागला, आणि मग ज्याला मी कधी पाहिलंही नव्हतं असा एक माणूस, डोळे गेलेला. मी मिस्त्रींना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "आसं पेटतं व्हय?" एवढंच म्हणाले आणि बोळा खाली ठेवला.

मी शेठकडे गेले. त्यांनी दार लावून घेतलं. "चाळीसातला एक. पुसलेला. काही होत नाही," म्हणाले. मी म्हटलं, साहेबांचा हात? तर म्हणाले, "पेटी परत आली तर काम गेलं. काम गेलं तर शेड गेली, पंधरा घरं बसतील. आणि सही कुणाची आहे चिठ्ठीवर? माझी नाही." मग जरा थांबून, अगदी मायेने बोलल्यासारखे बोलले, "आणि विचार कर, लोक काय म्हणतील. पूजेच्या कुंकवाची तक्रार केली कुणी? तर हिने. जा, काम कर."

हे शेवटचं मला जास्त लागलं. खरंच तसंच म्हणाले असते. पाचावर धारण बसली म्हणतात ना, तशी मी त्या दिवशी एसटीत बसले. सही केली म्हणून मला पोलीस नेतील, असंही वाटत होतं. सांगितलं तर मिस्त्रींचं पोट मारलं जाईल, नाही सांगितलं तर तिकडे कुणीतरी व्हॉल्व्ह फिरवेल. पेटी पोचायला चार दिवस. चौक गेलं, कर्जत आलं, मला काही सुचलं नाही.

वडील पडवीत बसले होते. मी सगळं ओकले. त्यांनी उपदेश केला नाही. घाटात एकदा त्यांनी लाल झेंडा दाखवून गाडी थांबवली होती, आणि रुळाला तडा नव्हताच, नुसता डाग होता. त्यांना साहेबासमोर उभं केलं, पगार कापला. ते म्हणाले, "लय कापत व्हतो मी. आजून सपनात येतो त्यो सायेब." मग विचारलं, "त्यो वाल फिरवनारा मानूस कुटं उबा ऱ्हातो गं?"

"जवळच. एका हातावर."

ते उठले, चपला घातल्या. "चल. तारऑफिस उगडं आसंल."

मी तार केली. पेटी उघडू नका, एका व्हॉल्व्हला तेल लागलं आहे, चूक आमची. खाली माझं नाव. वडील बाकावर बसून राहिले होते.

शेडमध्ये कळल्यावर जे व्हायचं तेच झालं. माझ्या हातचा चहा कुणाला नको झाला. "कुंकवाचं वावडं हाय तिला," असं मागून ऐकू यायचं. शेठ तर माझ्याकडे बघायचेच नाहीत. मिस्त्री मात्र रोज येऊन बशी पुढे करायचे. एकदा म्हणाले, "येकांदा जळून गेला आसता गं माज्यामुळं. मी काय झोपलो आसतो व्हय?" त्यांनीही मनाशी ठरवलं होतं, साहेब आले की स्वतःच कबूल करायचं.

आठ दिवसांनी साहेब पेटी घेऊन आले. एकही पिशवी उघडलेली नव्हती. त्यांनी मलाच निळा दिवा धरायला लावला आणि स्वतः एकेक पिशवी कापत गेले. दाराशी शेठ आणि टोपी हातात घेऊन मिस्त्री. पहिला साफ, दुसरा साफ. समजा काहीच सापडलं नाही तर? वडिलांसारखा नुसता डाग निघाला तर?

अठराव्याला सापडलं. तोंडाच्या बाहेरच्या कडेवर निळसर चमक, बोटाएवढी, आणि पुसल्याचे ओरखडे. मिस्त्री पुढे झाले. "हां, ह्योच माजा." साहेबांनी मान हलवली. रागावलेही नाहीत. शेठना हिंदीत म्हणाले की मुलीने वेळेवर कळवलं, माणसाने कबूल केलं, एका चुकीसाठी कुणाला काढायची गरज नाही, लेखी ताकीद द्या. मला रडायलाच आलं. सुटलो! शेड वाचली, मिस्त्री वाचले, मी वाचले. मी दिवा खाली ठेवायला गेले तर साहेब म्हणाले, उरलेलेही पाहू.

एकोणीस, वीस, पंचवीस. सगळे साफ.

एकतिसाव्याचं बूच काढलं आणि साहेब थांबले. तोंडाच्या आत, बूच बसतं तिथे, चमक होती. लहान, गोल, बोटाच्या टोकाएवढी.

मला त्याच क्षणी कळलं. आत बोट घालणारी त्या शेडमध्ये एकच होती. दिव्याखाली पाहून झाल्यावर बूच दाबणारी. दार ठोकल्यावर दचकणारी. सुती मोज्याचा हात नकळत वेणीवर नेणारी. माझा हात आत्तासुद्धा वेणीवर होता. मी तो खाली घेतला.

"हे कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

माझं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण शब्द येईना. डोळ्यांपुढे चाळीस सह्या, आई, वडिलांचा तो साहेब, सगळं गरगरलं.

"माजंच," मिस्त्री म्हणाले. "दोन उगडले व्हते. येक सांगितला, येक लपवला."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या केसांकडे पाहिलं असं मला वाटलं, पण मी भित्री, मला काहीही वाटतं. मी गप्प राहिले. दुसऱ्याची चूक कळवायला मी तारऑफिसापर्यंत गेले होते. माझी स्वतःची सांगायला दोन शब्द लागले असते, तेवढे निघाले नाहीत.

एक असता तर सांभाळून घेतलं असतं, दोन म्हणजे सवय झाली, आणि वर लपवाछपवी, असं शेठ म्हणाले. मिस्त्रींना त्याच दिवशी काढलं. काम आमच्याकडेच राहिलं, आणखी तीन वर्षं. साहेबांनी माझ्या नावाने खात्याचं शाबासकीचं पत्र पाठवलं. ते मी कुणाला दाखवलं नाही.

मिस्त्री डबा पिशवीत भरून निघाले तेव्हा मी फाटकापर्यंत मागे गेले. सांगायचं होतं. तेव्हाही जमलं नाही, नुसती रडत उभी राहिले. त्यांनी टोपी घातली, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग तो हात आपल्या सदऱ्याला पुसला.

"उद्यापासनं त्याल नको लावूस गं डोक्याला," म्हणाले, आणि चौकच्या टेंपोत चढले.