खेकड्याचं निळं रक्त
बाजारात खेकड्यांच्या टोपलीचा वास आला की मला वसमतच्या कॉलेजातली प्रयोगशाळा आठवते. नव्वदच्या दशकात मी तिथे बी.एस्सी. करत होते. सर म्हणाले, "खेकड्याच्या रक्तात लोहाऐवजी तांबं असतं, हवा लागली की ते निळं होतं. निळा थेंब दाखवाल तरच जर्नलवर सही." खेकडे सिद्धेश्वरच्या धरणावरून मीच आणलेले; आमच्या घरी ते नेहमी शिजायचे. त्याच सवयीनं मी नांग्या मोडल्या, कवच काढलं आणि खेकडा नळाखाली स्वच्छ धुतला. "रक्त कुठंय?" सरांनी विचारलं. "धुतलं, सर." मागून कोणीतरी ओरडलं, "काहून गं, रस्सा करून राहिली का?" सगळे हसले. नंतर माझ्या टेबलाशी कोणी फिरकलं नाही. तास संपला, वर्ग रिकामा झाला. मी बाजूला टाकलेली एक नांगी उचलून सांध्यात मोडली. काचेवर पाण्यासारखा थेंब पडला आणि हळूहळू निळसर झाला. मी दाराकडे धावले, "सर, झालं!" व्हरांड्यात फक्त शिपाई कुलूप घेऊन उभा होता. "सर गेले ताई. उद्या दाखवा." उद्यापर्यंत थेंब वाळला. आता मी हेच शिकवते, आणि शेवटच्या मुलीचा थेंब निळा होईपर्यंत तिच्या टेबलापासून हलत नाही.