जावळाचा रविवार

आमच्या खानदानात कॉलेज पाहिलेला मी पहिला. त्यामुळं घटस्फोटाचा निकाल मी स्वतःच वाचला. मुलाचा ताबा आईकडं. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी तिनं त्याला औरंगपुऱ्यात माझ्याकडं सोपवायचं, संध्याकाळी मी परत करायचं.

त्या रविवारी मी वाट पाहून फोन लावला. उचलला तिच्या भावानं.

"दाजी, आज नाय जमणार. पोराचं जावळ हाय."

"मला न सांगता?"

"मामाच्या मांडीवर बसून व्हतंय ते. तुम्ही कशाला तकलीफ घेता?"

घटस्फोट झाला तरी हा मला दाजीच म्हणतो! मी गाडी काढली अन् थेट तिच्या माहेरी चितेगावला गेलो. फाटकातूनच दिसलं. न्हाव्याचा वस्तरा फिरत होता, माझा तीन वर्षांचा पोरगा रडत होता आणि रडता रडता त्यानं मामाच्या गळ्याला मिठी मारली. मी आत गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "अंमलबजावणीचा अर्ज टाकू. मुद्दाम आदेश मोडला असं कोर्टाला वाटलं, तर मालमत्ता जप्त होऊ शकते, दिवाणी कैदसुद्धा. सारखंच असं होत राहिलं, तर ताब्याचाही फेरविचार होतो."

"आणि मामाला काय होतं?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मामा आदेशात कुठंय? आदेश आईवर आहे."

मला तर मामाच पाहिजे होता.

कोर्टात न्यायाधीशबाईंनी तिला विचारलं, "जावळ दुसऱ्या दिवशी करता आलं नसतं?"

"भावाला कंपनीत रविवारचीच सुट्टी असते, मॅडम."

"मग पुढचा रविवार होता ना? आज समज देते. पुन्हा झालं तर जप्तीचा आदेश काढीन." मग माझ्याकडं वळल्या. "तुमचं काय म्हणणं?"

तिला आत टाका, असं ओठावर आलं होतं. पण ती आत गेली तर पोरगा कुणाकडं राहील? माझ्याकडं येईपर्यंत मामाकडंच.

"माझा बुडालेला रविवार द्या," मी म्हणालो. मिळाला.

पोरगा आला. डोक्यावर नुसते खुंट. मी त्याला मांडीवर घेतलं. तो जरा इकडं सरकला, जरा तिकडं.

"मामाची मांडी लई मोठीय," म्हणाला.

मी मांडी आणखी थोडी पसरून बसलो.