भेटीची केळी

परशराम आप्पांनी तीस वर्षं सरकारी बस चालवली. बेळगाव ते निपाणी, निपाणी ते बेळगाव. असा माणूस रिटायर झाल्यावर हिंडलग्याच्या आपल्याच घरात, न्हाणीत घसरला आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, डॉक्टर म्हणाले, चालायला लागा. आप्पा एकदा उभे राहिले, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मटकन बसले, ते बसलेच. तीन महिने झाले. खाटेवरून शेजारच्या कमोडच्या, भोकाच्या खुर्चीवर आणि तिथून परत खाटेवर, एवढाच रूट उरला. भित्रे म्हणायला जीभ रेटत नाही, पण भ्यालेच होते.

बेंगळुरात नोकरीला असलेल्या लेकीनं, पूर्णिमानं, कुंडीतलं ऑर्किड पाठवलं. वाकलेली लांब दांडी, तिच्यावर आठ कळ्या. ते खाटेसमोरच्या टेबलावर ठेवलं आणि आप्पांनी ठरवून टाकलं, यातलं एक जरी फूल उमललं तर आपण उठणार. नाही तर जन्मभर असेच. बायकोला, मंगलला, त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. त्या दिवसापासून ती बिचारी टेबल पुसतानासुद्धा श्वास धरायची.

चौथ्या दिवशी पहिली कळी पिवळी पडून गळाली. मग दुसरी. पूर्णिमानं फोनवरून सांगितलं, "कुंडी सारखी हलवू नका. गार वारा नको, उदबत्तीचा धूर नको. मुळं पांढरट दिसली की मगच पाणी घाला." उदबत्ती बंद झाली. खिडकीही बंद झाली. रस्त्यावरून जाणारी बस कुठल्या गिअरमध्ये आहे, ते आप्पा त्या खिडकीशी पडल्या पडल्या ओळखायचे. आता तीही करमणूक गेली. कोंदट खोली, मलमाचा वास आणि समोर कळ्या. रोज सकाळी डोळे उघडले की आधी टेबलाकडं बघायचं आणि कळ्या मोजायच्या. तरी तिसरी गेली, चौथी गेली, पाचवी गेली.

शेवटी एकदा व्हिडिओ कॉलवर पूर्णिमाचं लक्ष गेलं. "कुंडीजवळ काय आहे ते?"

"केळी, गं," मंगल म्हणाली. "आप्पांना भेटायला आल्यात की माणसं."

आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हातानं येत नाही. येणारा डझनभर केळी आणतो आणि आजाऱ्यासमोर ठेवतो. ती लगेच उचलून आत नेली तर पाहुण्याला काय वाटेल? आप्पांना साखर, म्हणजे खायचं नावच नाही. केळी तिथंच काळी पडायची, तोवर दुसरा डझन यायचा.

"आई, पिकल्या फळातून वायू सुटतो. त्यानंच कळ्या गळतात. आधी उचल ती!"

मंगलनं कपाळावर हात मारला. मग पाहुण्याची पाठ वळली की ती केळी आत नेऊ लागली. तोवर सहावी आणि सातवी कळीही गळाली होती. उरली एक. पण ती टिकली. आठवडाभरात टपोरी झाली, टोकाला गुलाबी रंग आला. आप्पा तिच्याकडं बघत जेवायचे.

एका दुपारी मंगल औषधं आणायला गेलेली असताना उचगावचे भरमू आले. जुने कंडक्टर. हातात केळ्यांचा भला थोरला फणा, सालीवर काळे ठिपके. "गावठी, जवारी हाईत, आप्पा. लई पिकल्यात, आजच खावा," म्हणत त्यांनी तो नेमका कुंडीला टेकवून ठेवला.

ही केळी बाजूला ठेव, एवढंच म्हणायचं होतं. पण घरी आलेल्या माणसाला असं कसं सांगायचं? आप्पांची भीड आडवी आली. भरमू गप्पा मारून निघून गेले. केळी आणि कळी तिथंच.

आप्पांनी मंगलची वाट बघितली. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मग स्वतःलाच शिवी हासडून वॉकर धरला आणि उठले. अंधारी आली, ती जाईस्तोवर दांडी सोडली नाही. फणा वॉकरच्या दांडीला अडकवून ते एकेक पाऊल टाकत स्वयंपाकघरात पोचले.

केळी ओट्यावर टाकली आणि समोर खिळ्याला लावलेली लग्नपत्रिका दिसली. प्रियदर्शनीची. मंगलच्या भावाची मुलगी, आईविना चार वर्षं मंगलच्याच मांडीवर वाढलेली. लग्न निपाणीत, तारीख अकरा दिवसांपूर्वीची. खाली फळीवर आहेराची साडी, दुकानाच्या पिशवीत तशीच. मंगल अवाक्षरही बोलली नव्हती. आप्पांना तिथंच रडू कोसळलं. आपण एकटेच अडकलोय असं धरून चालले होते ते.

"अगंबाई! कशाला उठलासा?" दारात मंगलच्या हातातली औषधं खाली पडली.

"लग्नाला का गेली न्हाईस?"

"तुमास्नी टाकून कशी जाऊ?"

"उद्याच्या बसनं जा. पोरगीला साडी नेसवून ये. अंबुबाई शेजारनं डबा देतील, बाकी मी हाय की."

ती नको नको म्हणत होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. जाताना दोनदा मागं आली, एकदा कळी बघायला आणि एकदा आप्पांना.

दुपारी ती कळीही गळाली.

आप्पांनी वॉकर धरला, टेबलापर्यंत गेले आणि ती उचलून आणली. संध्याकाळी फोन वाजला. मागं हसण्याचा, भांड्यांचा आवाज होता. मंगलचा आवाजही कितीतरी दिवसांनी मोकळा लागत होता. "पोरगी सोडंना झालीय, राहा म्हणतीय. पर मी उद्या येतेच. फूल कसं हाय?"

आप्पांनी गळालेली कळी मुठीत घेतली.

"उमलालंय की," ते म्हणाले. "लई झ्याक दिसतंय. तू ऱ्हा आणि चार दिवस."