दिव्यापाशी राहिलेल्या सँडल

उल्का खिरवडकर पाच फूट दहा इंच. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात एवढी उंची घेऊन वाढणं म्हणजे काय, ते तिलाच विचारा! शाळेच्या फोटोत कायम मागची रांग. लग्नकार्यात ताट वाढायच्या आधी कुणीतरी विचारणारच, "बाई गं, हिले नवरा कुठून आणता?" पोरगी बिचारी खांदे पाडून चालायला शिकली. आई सुनीती मागून पाठीत धपाटा घालायची, "काहून वाकून चालून राहिली? कोणाचं काही चोरलं का?"

या उंचीचा पहिला उपयोग सापडला तो गोल बाजारातल्या एका साडीच्या दुकानात. मायलेकी आत्यासाठी साडी घ्यायला गेल्या होत्या. दुकानदार म्हणाला, "दीदी, जरा आप ओढ़के दिखाइए, पूरा बॉर्डर दिखेगा." उल्कानं खांद्यावरून पदर सोडला आणि शेजारच्या तीन गिऱ्हाइकांनी तश्शीच साडी मागितली! मग दुकानदार सोडतो होय? आधी फोटो, मग फोनवरचे व्हिडिओ. वर्षभरात सदर बाजारातल्या सराफांपर्यंत तिचा चेहरा पोचला. आता याला मॉडेलिंग नाही तर काय म्हणायचं? पण घरात तो शब्द कोणी काढत नसे. पाहुण्यांना सांगायचं, "आमची पोट्टी साड्यांचं करते."

बाबा अनंतराव शहराबाहेर, उरला नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका रोलिंग मिलमध्ये स्टोअर सांभाळायचे. माणूस वाईट नव्हे, पण काळजी करण्यात एक नंबर. त्यांनी मिलच्या ऑफिसात उल्कासाठी जागा बघून ठेवली. "सोमवारपासून ये म्हणून राहिले. किती दिवस दुसऱ्याच्या साड्या नेसून फिरशील?"

उल्कानं रविवारपर्यंतची सवड मागून घेतली. रविवारी कोसा रेशमाच्या साड्या विणणाऱ्यांच्या संस्थेचा शो होता, आणि त्यातली एक मुलगी संस्था वर्षभराच्या कॅटलॉगसाठी घेणार होती. घेतलं तर कॅटलॉग, नाही तर सोमवारी उरला, असं बापलेकीचं ठरलं. "मी काही तो तमाशा पाहाले येत नाही," हेही अनंतरावांनी त्याच दमात सांगून टाकलं.

घोडं पेंड खात होतं ते टाचांपाशी. चार इंची टाचा! शो बसवणारी राधिका दीदी ऐकेना. "लंबी है तो क्या हुआ? चाल हील से ही बनती है." तालमीत उल्का तीनदा आपटली. तिसऱ्या वेळी दीदी इतकंच म्हणाली, "कल डगमगाई तो कैटलॉग भूल जाना." घरी येऊन पोरीनं गुडघ्यांना हळद लावली आणि रडली.

रविवार उजाडला. सगळ्यांत उंच म्हणून तिलाच पहिली सोडायचं ठरलं होतं. दयाराम देवांगन नावाच्या म्हाताऱ्या विणकराची साडी तिला नेसवली, टाचांच्या मापानं. उद्घाटन आटपलं, गाणं सुरू झालं. पावलांवर नजर ठेवून, जीव मुठीत धरून उल्का स्टेजवर आली, मान वर केली, तर पुढ्यात नुकती पेटवलेली समई आणि सरस्वतीची मूर्ती! तालमीत ती तिथं नव्हतीच. मग उल्काच्या पायांनी चोवीस वर्षं जे केलं तेच केलं. तिनं सँडल काढल्या, जोडीनं बाजूला ठेवल्या आणि वाकून नमस्कार केला.

उठताना लक्षात आलं. अगं बाई, हे काय केलं मी!

विंगेत राधिका दीदीनं कपाळ धरलं होतं. सँडलचे पट्टे लावत बसायला वेळ नव्हता, आणि साडी चार बोटं जमिनीवर लोळत होती. गेला कॅटलॉग, उल्काच्या मनात आलं. आता निदान साडीत पाय अडकून पडायला नको. चिखलातून जाताना आई धरते तशा तिनं निऱ्या चिमटीत धरल्या आणि चालू लागली. तळव्यांना फळी लागली तशी भीती गेली. पाठ आपोआप ताठ झाली, खांदे मागे गेले. गोल बाजारातून घरी निघावं तशी ती स्टेजच्या टोकापर्यंत जाऊन परत आली.

पुढच्या रांगेत दयाराम उठून उभा राहिला. "हव! अइसने पहिरथें हमर लुगरा ला!" अश्शीच नेसतात आमची साडी, असं तो शेजारच्या माणसाचा खांदा हलवून हलवून सांगत होता.

शो संपल्यावर संस्थेनं कॅटलॉगसाठी नाव घेतलं ते उल्काचं. ती विंगेतल्या खुर्चीवर जाऊन बसली. राधिका दीदी येऊन म्हणाली, "अगली बार बता के उतारना, मेरी तो जान निकल गई थी!" दोघी खो खो हसल्या. उल्काला किती दिवसांनी पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटलं.

सँडल मात्र अजून समईपाशीच असतील, हे तिला मग आठवलं. आणायला उठली तर समोरून अनंतराव येत होते, मिलच्या शर्टात, दोन्ही हातांत एकेक सँडल धरून.

"बाबा! तुम्ही तर येणार नव्हते ना?"

"इथूनच जाऊन राहिलो होतो," अनंतराव म्हणाले. उरला कुठं आणि हा हॉल कुठं! त्यांनी सँडल तिच्या पायांशी ठेवल्या.

सवयीनं उल्कानं खांदे पाडले, बाबांच्या बरोबरीला यावं म्हणून.

"नीट उभी राह्य," ते म्हणाले. ती सरळ झाली. अनंतरावांनी मान वर करून लेकीकडे पाहिलं. "उद्या मी एकटाच जातो उरल्याले."